एका अजस्र वाहनाचा अस्त आणि पुनर्जन्म

मे २०१० मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथील कारखान्यातून ‘हमर’ या नावाची पेट्रोलवर चालणारी अखेरची गाडी बाहेर पडली आणि एका वादग्रस्त वाहनाच्या निर्मितीवर पडदा पडला. या नावाच्या तीन गाड्यांपैकी सर्वांत थोरली चार वर्षे आधीच बंद झाली होती. मधली, जिने या नावाला खरी कीर्ती आणि तेवढीच अपकीर्ती मिळवून दिली, ती लिटरमागे जेमतेम चार किलोमीटर धावत असे. तिचे वजन सुमारे २,९०० किलो होते. ज्या देशात पेट्रोल पाण्याच्या मोलाने मिळते असा समज होता, त्या देशाला २००८ च्या उन्हाळ्यात त्याच पेट्रोलने घाम फोडला आणि दोन वर्षांत ही गाडी इतिहासजमा झाली. तेव्हा अनेकांनी असा निष्कर्ष काढला की, अमेरिकन समाज शहाणा झाला, हव्यासाचे एक प्रतीक कोसळले आणि पुढचा काळ लहान व काटकसरी गाड्यांचा आहे.

तो निष्कर्ष घाईचा होता. हमर कशामुळे मेली हे सर्वांनी पाहिले. ती कोणाच्या आश्रयाने वाढली हे फार थोड्यांनी पाहिले. एखादे झाड वाऱ्याने उन्मळून पडले म्हणजे त्याला खतपाणी घालणारा हात थांबला असे होत नाही. हमरच्या बाबतीत तो हात कायद्याचा होता आणि तो थांबला नाही. म्हणूनच अकरा वर्षांनी तेच नाव पूर्वीपेक्षा अधिक वजन घेऊन रस्त्यावर परत आले.

जीपचा वारसा

या गाडीचे कूळ शोधू गेल्यास ते भारतीय वाचकाच्या ओळखीच्या घरी पोहोचते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने जी जीप बनविली, तिचीच जुळणी स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली. मामलेदाराच्या फिरतीपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांनी पुढे कित्येक वर्षे पाहिली ती हीच गाडी. तिचे वजन अकराशे किलोंच्या आसपास होते. चिखलात रुतली तर चार माणसांनी खांदा लावावा आणि ती निघावी, असा तिचा सरळ हिशेब होता. अमेरिकेत विलीज कंपनीचे हस्तांतर होत गेले आणि तिच्या लष्करी शाखेतून पुढे ‘ए. एम. जनरल’ ही कंपनी उभी राहिली. १९८३ साली अमेरिकन सैन्याने जीपची जागा घेणाऱ्या ५५,००० नव्या वाहनांचे कंत्राट याच कंपनीला दिले. सैनिकांनी त्या वाहनाला ‘हमव्ही’ असे सुटसुटीत नाव दिले.

हमव्ही हे अभियांत्रिकीचे उत्तम उदाहरण होते, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हवे. जमिनीपासून सुमारे चाळीस सेंटिमीटर उंच असे तिचे पोट होते. ते तसे ठेवता यावे म्हणून इंजिनाकडून चाकांकडे जाणारी यंत्रणा वर उचलून थेट बैठकीच्या मधोमध आणण्यात आली होती आणि त्यामुळे आतील चार माणसे चार कोपऱ्यांत, एकमेकांपासून दूर बसत. रुंदी दोन मीटरांहून अधिक होती. वाळवंट, दलदल, खडक यांतून सैन्य नेण्यासाठी ही सारी गैरसोय पत्करणे शहाणपणाचे होते. तीच गैरसोय शहरातील वाणसामान आणण्यासाठी आणि मुलांना शाळेत सोडण्यासाठी पत्करावी असे कोणाला वाटेल, ही कल्पना मात्र रचनाकारांच्या मनात नसावी.

१९९१ च्या आखाती युद्धाने ती कल्पना प्रत्यक्षात आणली. दूरदर्शनच्या पडद्यावर रोज संध्याकाळी वाळवंटातून दौडणाऱ्या हमव्ही पाहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला विजयाची ती मूर्ती आपल्या दारात असावी असे वाटू लागले. नट आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी अशी गाडी सर्वसामान्यांसाठी काढावी म्हणून कंपनीचा पाठपुरावा केला आणि १९९२ मध्ये ‘हमर’ नागरी बाजारात आली. १९९९ च्या अखेरीस जनरल मोटर्सने हे नाव विकत घेतले. २००२ मध्ये आलेली दुसरी हमर ही सैनिकी गाडी नव्हतीच. कंपनीच्या नेहमीच्या मोठ्या ट्रकांच्या सांगाड्याच्या आधारे ती बांधलेली होती आणि वर युद्धाचा वेष चढविलेला होता. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते त्या वेषाचे.

कायद्याचा आश्रय

पण वेषाच्या आकर्षणाने ही कथा पुरी होत नाही. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या अमेरिकेने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांची मिळून सरासरी काढावयाची आणि ती ठराविक मर्यादेखाली गेल्यास दंड करावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. हेतू निःसंशय चांगला होता. मात्र कायद्याने ‘मोटार’ आणि ‘ट्रक’ असा भेद केला. ट्रक हे शेतकऱ्याचे, सुताराचे, नळजोडणाऱ्याचे साधन. त्याच्यावर जाचक निर्बंध नकोत, असा त्यामागील विचार होता. मोटारींसाठी लिटरमागे सुमारे पावणेबारा किलोमीटरची मर्यादा असताना हलक्या ट्रकांसाठी ती नऊ किलोमीटरांहूनही खाली राहिली. आणि ज्या वाहनाचे मालासह एकूण वजन ८,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंपेक्षा जास्त, ते तर या हिशेबातूनच वगळलेले!

दुसऱ्या हमरचे असे वजन ८,६०० पौंड होते. एवढ्या शंभर पौंडांनी तिला सर्व बंधनांतून मुक्त केले. तिचा इंधनखर्च कंपनीच्या सरासरीत धरला जात नव्हता. इतकेच नव्हे तर विक्रीस ठेवलेल्या इतर मोटारींच्या काचेवर इंधनखर्चाचा जो सरकारी आकडा लावावा लागतो, तोही तिला लावावा लागत नव्हता. सर्वांत अधिक इंधन पिणाऱ्या गाड्यांपैकी एक असलेल्या या गाडीचा खर्चच अशा रीतीने कायदेशीरपणे दृष्टिआड झाला. परीक्षेत नापास होण्याची भीती असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेलाच न बसण्याची मुभा द्यावी, तसा हा प्रकार होता.

करकायद्याने यावर कळस चढविला. लहान व्यावसायिकांना यंत्रसामग्री घेता यावी म्हणून तिची किंमत खरेदीच्या वर्षीच उत्पन्नातून वजा करण्याची सवलत अमेरिकेत होती. चैनीच्या मोटारींना ती मिळू नये यासाठी मर्यादा घातलेली होती. पण ६,००० पौंडांहून अधिक वजनाची वाहने त्या मर्यादेबाहेर होती, कारण एवढे जड वाहन म्हणजे शेतावरचा ट्रकच असणार, असे गृहीत धरलेले होते. २००३ मध्ये ही वजावट २५,००० डॉलरांवरून एकदम एक लाख डॉलरांवर नेण्यात आली. हमरची किंमत पन्नास हजार डॉलरांच्या घरात होती. म्हणजे एखाद्या दंतवैद्याने किंवा जमिनीच्या दलालाने आपल्या व्यवसायाच्या नावे हमर घेतली, तर तिची सारी किंमत पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वगळता येत असे. लहान मोटार घेणाऱ्या शाळामास्तराला असा लाभ नव्हता. त्याने भरलेल्या करातून शेजाऱ्याच्या हत्तीला चारा जात होता. ऑक्टोबर २००४ मध्ये ही सूट अशा गाड्यांपुरती पुन्हा २५,००० डॉलरांवर आणण्यात आली. पण ६,००० पौंडांची रेषा कायम राहिली.

याच काळातील दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जनरल मोटर्सने १९९६ ते १९९९ या काळात विजेवर चालणारी एक लहान मोटार बनविली होती. हजाराहून थोड्या अधिक निघालेल्या या मोटारी कंपनीने भाडेपट्टीने दिल्या, नंतर परत मागवल्या आणि त्यांपैकी बहुतेक यंत्राखाली चिरडून टाकल्या. हमरची जाहिरात जोरात होती ती याच सुमारास. दुसरी घटना डिसेंबर २००४ ची. कुवेतमध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्यासमोर एका सैनिकाने उभे राहून तक्रार केली की, इराकमध्ये जाणाऱ्या गाड्यांना पुरेसे चिलखत नाही आणि सैनिकांना भंगारातून पत्रे शोधून लावावे लागत आहेत. मायदेशी सैनिकी थाटाच्या गाडीला करसवलत आणि रणांगणावर खऱ्या सैनिकाच्या गाडीला भंगाराचा पत्रा, ही विसंगती कोणत्याही व्यंगचित्रकाराला सुचली नसती इतकी बोलकी होती.

मृत्यूचे खरे कारण

हमरच्या विरोधकांनी तिच्यावर टीकेचा वर्षाव केला. त्यातील काहींनी मर्यादाही सोडली. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील वेस्ट कोव्हिना येथील एका विक्रेत्याच्या आवारात आग लावून वीसेक गाड्या भस्मसात करण्यात आल्या. या अविचाराने एका व्यापाऱ्याचे नुकसान झाले आणि धूर मात्र आणखी वाढला; हमरचा खप पुढे आणखी चढला. २००६ मध्ये अमेरिकेत ७१,००० हून अधिक हमर विकल्या गेल्या. नैतिक उपदेशाने, व्यंगचित्रांनी अथवा आगीने जे साधले नाही ते खनिज तेलाच्या भावाने साधले. जुलै २००८ मध्ये तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरांवर गेला, अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरांच्या वर पोहोचले आणि पाठोपाठ आर्थिक मंदीने घेरले. २००९ मध्ये हमरचा खप जेमतेम नऊ हजारांवर आला.

जून २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. हमर विकत घेण्यास चीनच्या सिचुआन प्रांतातील तेंगझोंग ही यंत्रे बनविणारी कंपनी पुढे आली. परंतु चीन सरकारची अनुमती मिळाली नाही आणि फेब्रुवारी २०१० मध्ये हा व्यवहार मोडला. त्यानंतर कारखाना बंद करण्यावाचून मार्ग उरला नाही.

विजयोत्सवाच्या गडबडीत कामगारांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. गाडी कोणती बनवावी हा निर्णय इंडियाना राज्यातील मिशावाका येथील किंवा श्रीव्हपोर्ट येथील कामगाराने घेतलेला नव्हता. ती बंद पडल्याची झळ मात्र प्रथम त्याला लागली. श्रीव्हपोर्टचा कारखाना २०१२ मध्ये पूर्ण बंद झाला. मिशावाकाच्या ज्या कारखान्यात हमर तयार होत असे, तेथे पुढे काही वर्षे अपंगांना चाकाच्या खुर्चीसह चढता येईल अशी गाडी बनविण्यात आली. त्याच कामगारांचे हात, तीच यंत्रे, आणि किती वेगळे प्रयोजन! पण तिला ना करकायद्यात एवढी प्रशस्त वाट होती, ना पडद्यावरचे वलय. २०१६ मध्ये तीही बंद झाली.

बळीचा बकरा

हमरवर अन्याय झाला असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या वर्षी हमरचा खप ७१,००० होता, त्याच वर्षी फोर्ड कंपनीच्या एका मालिकेतील ट्रक जवळजवळ आठ लाख विकले गेले. अमेरिकेच्या एकूण तेलखर्चात हमरचा वाटा नगण्य होता. तिचा दोष एवढाच की, इतर जे झाकून करीत होते ते ती उघडपणे, छाती काढून करीत होती. समाजाने एका गाडीला बळीचा बकरा केले आणि तिच्या मृत्यूने आपले पाप धुतले गेले असे मानले. तेलाचे भाव उतरताच तोच समाज पुन्हा मोठ्या गाड्यांकडे वळला. २०२३ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या वाहनांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक वाहने ‘हलके ट्रक’ या वर्गातील होती.

इंधनाचे गणितही येथे ध्यानात घेतले पाहिजे, कारण ते वाटते तसे नाही. लिटरमागे पंधरा किलोमीटर जाणारी मोटार सोडून वीस किलोमीटर जाणारी घेतली, तर हजार किलोमीटरांमागे सुमारे सतरा लिटर पेट्रोल वाचते. उलट, चार किलोमीटर जाणारे वाहन पाच किलोमीटर जाऊ लागले, तर त्याच अंतरात पन्नास लिटर वाचतात. म्हणजे बचतीची सर्वांत मोठी संधी सर्वांत जड गाड्यांत असते, आणि कायद्याने नेमक्या त्याच गाड्या हिशेबाबाहेर ठेवल्या होत्या. वर्गातील हुशार मुलांकडून आणखी चार गुण मागावयाचे आणि नापासांकडे पाहावयाचेच नाही, असे हे धोरण होते.

ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने वाटेल ती गाडी घ्यावी, त्यात इतरांनी नाक का खुपसावे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. व्यक्तिस्वातंत्र्याची चाड असणाऱ्या कोणालाही तो सहज झटकून टाकता येणार नाही. परंतु स्वातंत्र्याची किंमत ज्याची त्याने मोजली पाहिजे. जड गाडीची किंमत तिचा मालक एकटा मोजीत नाही. तिची सूट इतरांच्या करातून जाते, तिचा धूर इतरांच्या फुप्फुसांत जातो आणि टक्कर झाली तर तिचे वजन हलक्या गाडीतील माणसांवर पडते. पायी चालणाऱ्याला तर काहीच कवच नसते. अमेरिकेत २००९ मध्ये वाहनांखाली सापडून सुमारे ४,१०० पादचारी मृत्युमुखी पडले. २०२२ मध्ये ही संख्या साडेसात हजारांवर गेली. याचे सारे खापर मोठ्या गाड्यांवर फोडणे योग्य नाही. रस्त्यांची रचना, वेग, चालकांचे हरवलेले लक्ष ही कारणेही आहेतच. तथापि अमेरिकेतील वाहनविमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, ज्या गाडीचे नाक एक मीटरहून उंच आहे तिची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते.

विजेचा अवतार

डिसेंबर २०२१ मध्ये हमर परत आली, या वेळी विजेवर चालणारी. धूर नाही, आवाज नाही; म्हणजे जुन्या पापांचे परिमार्जन झाले असे कोणालाही वाटावे. परंतु तिचे वजन ४,१०० किलो आहे, म्हणजे ज्या गाडीला हव्यासाचे प्रतीक म्हणून हिणविण्यात आले तिच्यापेक्षा बाराशे किलोंनी अधिक. नुसती तिची बॅटरीच सुमारे १,३०० किलोंची आहे. विलीजची मूळ जीप, जिच्यातून हा सारा वंश निघाला, ती या एका बॅटरीपेक्षा हलकी होती. लहान विजेच्या मोटारीला जितकी वीज लागते त्याच्या दुपटीहून अधिक वीज तेवढ्याच अंतराला ही गाडी खाते. एका हमरच्या बॅटरीतील धातू आणि रसायने वापरून तीन-चार लहान मोटारींच्या बॅटऱ्या सहज झाल्या असत्या. इंधन बदलले, वृत्ती बदलली नाही.

वृत्ती का बदलावी? ६,००० पौंडांवरच्या वाहनाला हलक्या मोटारीपेक्षा अधिक वजावट देणारी रेषा अमेरिकेच्या करकायद्यात अजूनही आहे. इंधनबचतीच्या नियमांत पुढे सुधारणा झाल्या, पण त्यांत गाडीची जमिनीवरील व्याप्ती जितकी मोठी तितका निकष सैल, असे तत्त्व स्वीकारले गेले. जुलै २०२५ च्या कायद्याने तर निकष न पाळल्याबद्दलच्या दंडाची रक्कमच शून्यावर आणली. नियम कागदावर आहेत. ते मोडण्यास मात्र काही पडत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. फ्रान्सने २०२२ पासून १,८०० किलोंहून जड मोटारींवर वजनाप्रमाणे कर बसविला आणि २०२४ मध्ये ही मर्यादा १,६०० किलोंवर आणली. पॅरिसच्या नागरिकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान करून बाहेरून येणाऱ्या जड मोटारींसाठी वाहनतळाचे शुल्क तिप्पट करण्यास संमती दिली. मतदानाला फार थोडे लोक आले हे खरे. परंतु गाडीचे वजन हा सार्वजनिक विषय आहे, एवढे त्यातून मान्य झाले.

गाड्यांचा आकार गिऱ्हाइकाच्या आवडीने ठरतो अशी समजूत असेल, तर भारतातील अनुभव ती दूर करण्यास पुरेसा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. त्यानंतर काही वर्षांतच कारखानदारांनी लांब मोटारींच्या शेपट्या कापून त्या चार मीटरांत बसविल्या. पट्टी सरकारने धरली आणि त्या मापाची मोटार बाजारात आली. २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने जीपच्या थाटाची, उंच अंगाची होती; त्यांतील पुष्कळशी याच चार मीटरांच्या पट्टीत मावणारी आहेत. ती पट्टी लांबी मोजते, वजन आणि नाकाची उंची मोजत नाही. म्हणून गाड्या लांबीने आवरल्या आणि उंचीने वाढल्या. पुण्या-मुंबईच्या ज्या रस्त्यांवर पादचाऱ्याला पदपथ मिळणे हीच नशिबाची गोष्ट, तेथे या वाढीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

हमरच्या कथेत खलनायक शोधू गेल्यास नट, कंपनी, गिऱ्हाईक असे अनेक सापडतील. परंतु नटाने हौस केली, कंपनीने नफा पाहिला, गिऱ्हाइकाने मिरवून घेतले. यांपैकी काहीही नवीन नाही आणि कोणत्याही काळात ते बंद होणारे नाही. बंद करता येण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे या सर्वांना सार्वजनिक तिजोरीतून मिळणारे उत्तेजन. आणि तीच चालू राहिली. तेलाचा भाव चढतो आणि उतरतो. त्याच्या भरवशावर धोरण सोडणारा समाज एका मोसमात शहाणा होतो आणि दुसऱ्या मोसमात ते शहाणपण विसरतो. गाडीच्या वजनाचा हिशेब कायद्याच्या वहीत जोवर मांडला जात नाही, तोवर नावे बदलतील, इंधने बदलतील आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस पूर्वीसारखाच अंग चोरून उभा राहील.